आपली साखर वाटा

साताऱ्यात

साताऱ्याच्या स्टँडवर मी उतरले ती डाव्या दंडावर रुपयाएवढी पांढरी चकती चिकटवून. ही चकती म्हणजे सेन्सर. तिच्या पोटात केसाइतकी बारीक तार असते. ती कातडीखाली बसते आणि दर थोड्या वेळाने अंगातली साखर मोजून फोनला कळवते. मला मधुमेह नाही. पण ज्या ॲपवर हा आकडा उमटतो, त्याचे पडदे मी आखते. बटण कुठे, रंग कुठला, वाक्य काय, हे मी ठरवते. तीन वर्षं हे सगळं पुण्यातल्या एका थंडगार खोलीत बसून ठरवल्यावर आमच्या साहेबांना, म्हणजे निखिलला, वाटलं की सोमवारी नवी आवृत्ती बाहेर पडायच्या आधी कुणीतरी खरी माणसं बघून यावं.

"फार काही नको, मृणाल. चार दिवस, चार फोटो, चार छान उद्गार," तो म्हणाला.

चकती मी हौसेने लावून घेतली होती. आपण रांधलेलं आधी आपण चाखावं, असा उदात्त विचार त्यामागे होता.

न्यायला शकुंतला सिस्टर आल्या होत्या. पस्तीस वर्षं नर्सची नोकरी करून निवृत्त झालेल्या, ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. आता आमच्या कंपनीसाठी घरोघर जाऊन सेन्सर बसवतात आणि फोन शिकवतात. त्यांची लाल गाडी त्या स्वतः चालवतात, आणि तिसरा गिअर त्यांना उधळेपणा वाटतो. गाडी पहिल्यांदा थांबली ती कंदी पेढ्यांच्या दुकानापाशी.

"सिस्टर, आपण मधुमेहाच्या पेशंटकडे चाललोय ना?"

"मग? त्यांच्या घरात दुसरी मानसं न्हाईत व्हय? रिकाम्या हातानं जातंय का कोन?"

दुकानदाराने चव बघायला म्हणून पेढे दिले. चव बघून झाली. अर्ध्या तासाने माझ्या पर्समध्ये बुलबुल गाऊ लागला. हा आमच्या धोक्याच्या सूचनेचा आवाज. कर्कश घंटेने पेशंट दचकतात, म्हणून आम्ही दोन महिने चर्चा करून ही शीळ निवडली होती, आणि तिचं मला फार कौतुक होतं. चाचणीसाठी मी माझी धोक्याची रेघ जरा खालीच आखून ठेवली होती, ती पेढ्यांनी ओलांडली.

"किती खाल्लंस?" रस्त्यावरची नजर न काढता सिस्टरांनी विचारलं.

"दोन."

"चार. मी बघत हुते."

आपली साखर दुसऱ्याला दिसणं म्हणजे काय असतं, याची मला ही पहिली चुणूक मिळाली. पण तेव्हा मी हसण्यावारी नेलं.

कोरेगावात

कोरेगावजवळच्या एका गावात सुभेदार आबा राहतात. वय अडुसष्ट, पाठ ताठ, मिशा त्याहून ताठ. सैन्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घेवडा लावला, पेरूची झाडं लावली आणि मधुमेहही लावून घेतला, असं त्यांची सून म्हणते. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन घेतात. आमचं ॲप त्यांच्याकडे आठ महिने आहे.

अंगणात खाटेवर बसवून त्यांनी मला आधी पाणी दिलं, मग फोन माझ्या हातात दिला. जप्त केलेलं हत्यार सोपवावं तसा.

"मॅडम, हे तुमी केलंय?"

"हो. म्हणजे आम्ही सगळ्यांनी मिळून."

"मग हे सांगा. ह्यात लिवलंय, 'आपली साखर वाटा'. कुनाला पोरगं झालं म्हनून वाटू?"

मी फोनकडे पाहिलं. इंग्रजीतलं 'शेअर' मी स्वतः 'वाटा' केलं होतं. आकडे घरच्यांना दाखवायचं ते बटण. पुण्यात सात जणांनी तपासलं होतं आणि एकालाही बारशाची आठवण झाली नव्हती.

"मी दाबलं बटन," आबा म्हणाले. "म्हनलं बघू काय हुतंय. त्यानं विचारलं, अनुयायी जोडायचे का. सुनेनं सात जोडलं. तवापास्नं गावात मला बुवा म्हनत्यात. 'काय बुवा, अनुयायी बरं हायत का?'"

हे सात अनुयायी म्हणजे सून, पुण्याचा मुलगा, साताऱ्याची मुलगी, दोन पुतण्या, शेजारचे मास्तर आणि इस्लामपूरकडे दिलेली त्यांची थोरली बहीण अक्का. आबांची साखर रेघेच्या वर गेली की सातही जणांच्या फोनवर कळतं. मग सातही जण फोन करतात.

"बायकू गेल्यावर वाटलं हुतं, आता कोन बोलनार न्हाई. तर हे सात! अक्का तर पयला नंबर. अर्धा लाडू घशाखाली उतरला नसंल, तवर फोन. 'दिनू, काय खाल्लंस रं?' सीमेवरसुदिक माझ्यावर एवढी नजर नव्हती."

त्यावर त्यांनी तोड काढली होती. बाजारात जाताना फोन कोनाड्यात ठेवून जायचा. फोन लांब गेला की सेन्सरचं बोलणं तुटतं, आणि अनुयायांना फक्त 'सिग्नल नाही' एवढंच दिसतं. आबा याला रजा म्हणत. पण घरी परतल्यावर मधल्या सगळ्या तासांचे आकडे चकती फोनला आपसूक सांगून टाकते.

"फितूर हाय ही," दंडाकडे बोट करत ते म्हणाले. "कोर्ट मार्शलच करायला पायजे."

मी भराभर लिहून घेत होते. निखिलला हवे असलेले छान उद्गार एकाच खाटेवर मिळाले होते. मग मी बुलबुलाचं विचारलं. साखर खाली गेली की हीच शीळ वाजते, ती त्यांना आवडते का?

आबा सुनेकडे बघायला लागले, सून पेरूच्या झाडाकडे.

"ते बुलबुल फोनमधलं हाय व्हय?" आबा म्हणाले. "मी म्हनलं, झाडावर बसलंय. मागल्या म्हैन्यात लय वरडत हुतं, तर मी दगुड मारला की."

अंगणात तेव्हा निदान वीस पक्षी ओरडत होते. त्यातला माझा कुठला, हे मलाही सांगता आलं नसतं. सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसले, पण वहीत त्या ओळीखाली दोन रेघा मारल्या.

रात्री जेवायला वाघ्या घेवड्याची आमटी होती. पुण्यात आम्ही याचा राजमा करतो आणि त्यावर मलई वगैरे घालतो. इथे नुसता कांदा, खोबरं आणि तिखट असतं, आणि भाकरी कुस्करायला हात स्वच्छ धुतलेला लागतो. आबांनी एक भाकरी खाऊन ताटावरून उठताना सांगितलं की उद्या ते आमच्याबरोबर येणार. आम्हाला मलकापूरला एक घर बघून इस्लामपूरकडे जायचंच होतं. अक्काला भेटून सहा महिने झाले होते.

मलकापूर, धावतं

रहिमतपूरच्या रस्त्याने निघालो. सिस्टर दुसऱ्या गिअरमध्ये, आबा पुढच्या सीटवर ताठ, मी मागे पेढ्यांच्या पुडक्याबरोबर. सिस्टरांनी निघतानाच विचारलं होतं, "आबा, इंजेक्शन घेतलं? न्याहरी झाली?"

"झालं. दोनी झालं," आबा म्हणाले.

मलकापूरची बाई कानाच्या डॉक्टरकडे कराडला गेली होती. तिच्या नवऱ्याने आम्हाला बिनसाखरेचा चहा दिला आणि ॲप कसं आहे यावर अर्धा तास मत दिलं. शेवटी कळलं की तो बँकेच्या ॲपबद्दल बोलत होता.

उसाच्या फडात

अक्कांचं घर इस्लामपूरच्या पुढे, उसाच्या मधोमध. हिवाळ्यात त्या भागात गेलं की रस्ता म्हणजे दोन हिरव्या भिंतींमधली चीर वाटते, आणि समोरून उसाची ट्रॉली आली की चीरही बंद होते. आम्ही दोनदा गाडी मागे घेतली.

अक्का पंचाहत्तरीच्या, आबांची तीच ताठ पाठ, मिशा तेवढ्या नाहीत. फोन कमरेच्या पिशवीत. भावाला बघितल्यावर त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं:

"परवा दुपारी दोनशे चाळीस! काय खाल्लंस रं?"

आबांनी नमस्कार केला, खाटेवर फोन ठेवला आणि "जेवान हुईस्तवर तोड बघून येतो" म्हणून सटकले. शेजारच्याच रानात उसतोड चालली होती. आत अख्खा मसूर शिजत होता. त्याचा वास अंगणात आल्यावर मी कुठे आले, कशाला आले, हे सगळं विसरले.

दहा मिनिटांनी अक्कांनी पिशवीतून फोन काढला.

"झालं! 'सिग्नल नाही'. गेलं बघा गुऱ्हाळावर, गूळ चाटायला."

आम्ही सगळ्या हसलो. मी वहीत लिहिलं: 'वापरकर्ते सिग्नल तुटण्याचा अर्थ गमतीने लावतात.' मला ते वाक्य फार आवडलं. त्याच्याभोवती मी चौकट काढली.

आणखी वीसएक मिनिटांत तोडणीच्या टोळीतली एक बाई हातात कोयता घेऊन दारात आली. तिला हसू आवरत नव्हतं.

"अक्का, तुमचं सुभेदार कवायत घ्याया लागल्यात. समद्यास्नी रांगंत उभं केलंय. खांद्यावर ऊस घिऊन हिंदीत वरडत्यात."

अक्का हसल्या, मी हसले, फोटो काढायला म्हणून उठलेही. सिस्टर मात्र हसल्या नाहीत.

"घाम आलाय का त्यास्नी?"

"निथळाय लागलाय की. आन् थंडी तर ही अशी."

सिस्टर उठल्या त्या पर्स घेऊन धावतच सुटल्या. साठीच्या बाईला मी असं धावताना कधी पाहिलं नव्हतं. मी खाटेवरचा आबांचा फोन उचलला आणि मागे लागले. अक्का माझ्याही पुढे होत्या.

फडात पंधरा-वीस माणसं अर्धवट रांगेत उभी होती. समोर आबा. सदरा अंगाला चिकटलेला, चेहरा पांढराफटक. खांद्यावर ऊस बंदुकीसारखा धरलेला, हात मात्र लटलट कापत होता. "दाहिने मुड!" ते ओरडले, आणि स्वतःच डावीकडे वळून पडता पडता सावरले. कुणीतरी मागून म्हणालं, "सकाळीच घेतलीया वाटतं." हशा पिकला.

"दिनू!" अक्कांनी हाक मारली.

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं. ज्या बहिणीच्या फोनला ते आठ महिने घाबरत होते, तिच्याकडे त्यांनी रस्त्यावरच्या परक्या बाईकडे बघावं तसं पाहिलं. "तुम कौन है? पीछे हटो!"

त्याच क्षणी माझ्या हातातला फोन जवळ आल्यामुळे जागा झाला. बुलबुल गोड गायला लागला. पडद्यावर एक चौकट आली.

"काय म्हनतंय ते?" कोयतेवाल्या बाईने विचारलं.

ती माझीच चौकट होती. तिचा शब्द न् शब्द मी लिहिला होता. मी मोठ्याने वाचलं, "आपली ग्लुकोज पातळी निर्धारित मर्यादेखाली जात असल्याचे आढळते. कृपया शीघ्र-क्रियाशील कर्बोदकांचे सेवन करावे."

अक्कांनी माझ्याकडे बघून विचारलं, "कुनाचं काय करावं?"

"साखर!" सिस्टर ओरडल्या. "साखर उतरलीया त्यांची! गोड आना कायतरी, पळा!"

टोळीतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली. चहूकडे नजर जाईल तिथवर ऊस उभा होता, आणि त्यातला एक आबांच्या खांद्यावर होता. पण कापऱ्या माणसाला ऊस चावायला देता येत नाही. त्या कोयतेवाल्या बाईलाच आधी सुचलं. तिने बांधावरची किटली आणली. टोळीचा चहा, दुधापेक्षा साखर जास्त. सिस्टरांनी पेला भरून पुढे केला, तर आबांनी हाताने उडवला.

दुसरा पेला भरून सिस्टर एक पाऊल मागे सरल्या, टाचा जुळवल्या आणि साताऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुभेदार! चाय पियो! हुकूम है!"

आबांनी ऊस खाली ठेवला. सावधान उभे राहिले. पेला दोन्ही हातांनी धरून घोट घोट करत संपवला आणि रिकामा पेला परत केला. मग दुसरा. मग गुळाचा खडा. तोवर सिस्टरांनी त्यांना उसाच्या पाल्यावर बसवून बोटाला सुई टोचून साखर बघितली होती. आकडा मला दाखवला. मी तो वाचला: अडतीस; सत्तरच्या खालीच धोका सुरू होतो.

साखर चढेपर्यंतची पंधरा मिनिटं फार लांब गेली. आबांचा घाम हळूहळू आटला, डोळे स्थिर झाले. त्यांनी समोरची माणसं पाहिली, रांग पाहिली.

"अक्का, तू कवा आलीस?"

अक्का त्यांच्याशेजारी पाल्यावर बसल्या. पदराने भावाचं तोंड पुसत राहिल्या.

नंतर सगळं बाहेर आलं. सकाळी इंजेक्शन घेतलं होतं, न्याहरी केलीच नव्हती. सिस्टरांशी ते खोटं बोलले होते.

"का वं आबा?" सिस्टरांनी विचारलं. रागावल्या नव्हत्या, म्हणून जास्त लागलं.

"अक्काकडं पोटभर जेवायचं हुतं. सकाळी खाल्लं, वर हितं खाल्लं, की आकडा चढनार. सात फोन येनार. अक्काच्या दारात बसून अक्काचाच फोन." ते पाल्याकडे बघत होते. "म्हनलं, न खाल्लेलं बरं."

मी वही उघडली, चौकटीतलं ते गमतीचं वाक्य खोडलं. पेन कागदातून आरपार गेलं. साखर वर गेली की सात जणांना कळत होतं. खाली गेल्यावर, फोन खाटेवर आणि माणूस फडात असताना, कुणालाच नाही. आणि सिग्नल तुटला हीच खरी धोक्याची खूण असताना आम्ही ती राखाडी रंगात, बारीक अक्षरात लिहिली होती. राखाडी मीच निवडला होता. शांत दिसतो म्हणून.

जेवताना अख्ख्या मसुराची चव लागली नाही, असं लिहायला हवं. पण खोटं कशाला बोलू, दोनदा घेतला. अंग थरथरल्यावर भूक फार लागते. आबांच्या ताटात अक्कांनी स्वतः वाढलं, आकडा न बघता. मग हात धुऊन त्या माझ्याशेजारी येऊन बसल्या.

"पोरी, मला त्या अनुयायातनं काढ. न्हाईतर असं कर. खाली गेली, न्हाईतर फोन सोडून लांब गेला, तर मला सांग, मोठ्यानं सांग. वर गेल्याली सांगू नगंस, वरचं त्याचं तो आन् सिस्टर बघतील."

पुण्यात आम्ही या विषयावर चार बैठका घेतल्या होत्या. अक्कांना चार वाक्यं पुरली.

सांगलीत

आबांना अक्कांकडेच ठेवून शनिवारी दुपारी सांगलीला पद्माकाकूंच्या हळदीच्या पेढीवर पोचलो. काकू जैन, नवरा गेल्यापासून पेढी त्याच बघतात. गादीवर बसलेल्या, कपाळ सोडून सगळीकडे हळदीची पूड. त्यांची तक्रार एकच आणि स्पष्ट होती. त्या सूर्यास्ताआधी जेवतात, आणि आमचं ॲप रोज रात्री साडेआठला विचारतं, 'आपण अद्याप जेवला नाहीत का?'

"रोज व्रत मोडाय सांगतंय मला," काकू म्हणाल्या. "आन् वर बटाट्याचं चित्र!"

मी माफी मागितली. चित्र मीच काढलं होतं. मग तिथेच, हळदीच्या पोत्याला टेकून, निखिलला फोन लावला. सोमवार थांबवायला सांगणं म्हणजे तीन वर्षांचं माझंच काम चुकलं असं सांगणं.

मी फड सांगितला, कर्बोदकांचं वाक्य सांगितलं, चहा सांगितला, अक्कांची चार वाक्यं सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मृणाल, वाईट झालं. पण त्या वाक्याबद्दल आजवर एक तरी तक्रार आलीय का?"

"नाही."

"मग?"

"तक्रार करायला आधी ते कळायला हवं ना."

फोन स्पीकरवर होता, कारण काकूंनी तो मघाशीच स्पीकरवर टाकला होता. आता त्यांनी तो हातातही घेतला.

"साहेब, तुमची आई मराठी बोलती न्हवं?"

"हो... आपण कोण?"

"मी हळदवाली. आईला जाऊन विचारा, साखर उतरल्याल्या मानसाला तू काय म्हनशील. ती म्हनंल ते लिवा. येवडं शिकल्यालं लागत न्हाई त्याला."

मी डोळे मिटून घेतले. नोकरी गेलीच, असं वाटलं. निखिल अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई झोपलीय. उठली की विचारतो."

काकूंनी आम्हाला सोडलं नाही. ऊन कलायच्या आत पानं मांडली. दुधीची भाजी, मुगाची आमटी, भाकरी, जवसाची चटणी. कांदा नाही, लसूण नाही, आणि तरीही दुसरी भाकरी मागून घ्यावी असं सगळं. पुण्यात मी नऊला जेवते, तेही पडद्याकडे बघत. इथे सूर्याकडे बघत जेवले.

हात धुऊन होतात तोच फोन वाजला. निखिलचा निरोप होता. सोमवार तीन आठवडे पुढे ढकलला होता. खाली एक ओळ होती: 'आई म्हणाली, "अरे, आधी पटकन काहीतरी गोड टाक तोंडात, मग बोल."'

पुण्याला परतल्यावर मी ते वाक्य जसंच्या तसं बसवायला घेतलं. ते चौकटीत मावेना. मी चौकट मोठी केली.